पायऱ्यांखाली थांबलेल्या वाचकांचे निवेदन

प्रति,
मा. ग्रंथालय संचालक,
ग्रंथालय संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची सेवा प्रत्येक प्रौढ व्यक्तीपर्यंत पोचावी आणि वार्षिक तपासणीत त्याची नोंद घेतली जावी, याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे एका तालुक्याच्या गावातील वाचक आहोत. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारे कामगार आहेत, दोन दृष्टिहीन पदवीधर आहेत, सत्तरी ओलांडलेल्या सहा बायका आहेत आणि चाकाची खुर्ची वापरणारे एक शिंपी आहेत. आमच्या गावचे ग्रंथालय जुने आणि नावाजलेले. पुस्तके निवडून घेतलेली, ग्रंथपाल मनमिळाऊ. फक्त ते भाजी मंडईच्या गाळ्यांवर, पहिल्या मजल्यावर आहे आणि वर जायला 22 पायऱ्या आहेत. आमचे शिंपीदादा नऊ वर्षे तिथले सभासद आहेत. वर्गणी एकदाही थकलेली नाही. पुस्तकांच्या कपाटापर्यंत मात्र ते आजवर एकदाही पोचलेले नाहीत. खालच्या चहावाल्याचा मुलगा चिठ्ठी घेऊन वर जातो आणि हाताला लागेल ते घेऊन येतो. एकदा त्यांनी प्रवासवर्णन मागितले होते, आले लोणच्या-मुरंब्यांचे पुस्तक. दादांनी तेही वाचून काढले आणि त्यातले लिंबाचे लोणचे घातलेही. पण कपाटासमोर उभे राहून चार पुस्तके चाळायची, तीन परत ठेवायची आणि पाचवेच घरी न्यायचे, हे सुख त्यांना ठाऊक नाही.

हे निवेदन त्या ग्रंथालयाविरुद्धची तक्रार नाही. त्याची दरवर्षी रीतसर तपासणी होते आणि त्या तपासणीत ते कधी कमी पडलेले नाही. आमचे म्हणणे तपासणीबद्दल आहे. दाखल नोंदवहीत पुस्तके किती, वर्तमानपत्रे आणि नियतकालिके किती, सभासद किती, देवघेव किती, जमाखर्च जुळतो की नाही, हे सगळे मोजले जाते आणि त्यावर अ, ब, क, ड हा वर्ग टिकतो. दारापर्यंत येऊन परत गेलेला किंवा दारापर्यंत येऊच न शकलेला माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी कार्यकारिणी खर्च करत नाही, आणि करायचे मनात आले तरी हिशेब तपासताना त्या खर्चाला नाव काय द्यायचे, हा प्रश्न येतो. आमच्या साऱ्या मागण्या या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

महाराष्ट्राला ग्रंथालयांचा वारसा शिकवण्याची गरज नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानात झाला. आपल्या राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. आणि ज्यांना दाराशी येता येत नाही त्यांच्या दाराशी पुस्तक न्यावे, ही कल्पनाही नवी नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात 1910 पासून विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या हाती ग्रंथालयांची घडी बसवायला दिली, तेव्हा पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी फिरवली जात होती. शंभर वर्षांनी, 2009 साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पुन्हा पेटीवरच आली. म्हणजे मार्ग माहीत आहे. तो शासनाच्या नियमांत मात्र अजून उतरलेला नाही.

आता कायद्याविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 45 प्रमाणे, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सर्व विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम व्हायला हव्या होत्या. नियम जून 2017 मध्ये निघाले; पाच वर्षे 2022 मध्ये संपली. या कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे केवळ सरकारी इमारत नव्हे. सर्वसामान्य लोक जिथे ये-जा करतात ती खाजगी इमारतही त्यात येते. ‘आमचे ग्रंथालय विश्वस्त संस्थेचे आहे, आम्हाला हे लागू नाही’ हे उत्तर म्हणून चालणार नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष नुसत्या मार्गदर्शक सूचना म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत, असा निवाडा दिला आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाख 63 हजारांवर होती. वयोमानाने गुडघे गेलेले, मोतीबिंदूने अक्षर फुटलेले आणि तरीही स्वतःला दिव्यांग न म्हणवणारे लोक या आकड्यात नाहीत. आमच्या सह्यांत त्यांचीच संख्या जास्त आहे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी अशी की, वार्षिक तपासणीच्या नमुन्यात ‘सुगमता’ हा स्वतंत्र भाग घालावा. प्रवेश तळमजल्यावरून आहे का? नसल्यास तळमजल्यावर देवघेवीची सोय आहे का? उताराचा रस्ता असेल तर तो 1:12 च्या प्रमाणात आहे का, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी आहे का? (रॅम्प या नावाखाली बांधलेल्या घसरगुंड्या आम्ही पाहिल्या आहेत, त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याचा जीव वरखाली होतो आणि खुर्चीत बसलेल्याचा जातो.) दरवाजातून चाकाची खुर्ची जाते का? बायकांना आणि दिव्यांगांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आहे का? घरपोच पुस्तके किती सभासदांना दिली? अशा दहाबारा प्रश्नांचे एक पान पुरे. पहिली दोन वर्षे या पानाला गुण देऊ नयेत, फक्त ते भरून घ्यावे. त्यानंतर वर्गवाढीसाठी ते विचारात घ्यावे. एखाद्या ड वर्गाच्या ग्रंथालयाची मान्यता त्यावरून काढून घेतली जावी, असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

हे स्पष्ट करण्याचे कारण पैशाचे आहे. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढले तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे 30 हजार रुपये 48 हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यातून ग्रंथपालाचे वेतन, वीज, वर्तमानपत्रे आणि पुस्तके. अशा ग्रंथालयाला ‘लिफ्ट बसवा’ असे पत्र पाठवणे म्हणजे चेष्टा होईल. त्यामुळे दुसरी मागणी : सुगमतेच्या कामासाठी सर्वसाधारण अनुदानाबाहेर स्वतंत्र, एकरकमी साहाय्य द्यावे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे ज्येष्ठ नागरिक, नवसाक्षर आणि दिव्यांग यांच्या विभागांसाठी योजना आहे. तिचे प्रस्ताव लहान ग्रंथालयांना मराठीत, सोप्या नमुन्यात भरता यावेत आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाने ते भरण्यास मदत करावी. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. त्या निधीतून ग्रंथालयाच्या दारात उतार बांधता यावा, असे पत्र आपण ग्रामविकास व नगरविकास विभागांना द्यावे. जिथे उतार शक्यच नाही, तिथे तळमजल्यावर भाड्याने घेतलेली एक खोली, एक टेबल, एक यादी आणि वर फोन करण्याची सोय एवढ्यानेही आमच्या शिंपीदादांचे निम्मे काम होईल.

आमचे दोन दृष्टिहीन मित्र वेगळ्याच दाराशी अडले आहेत. त्यांना पायऱ्या चढता येतात. वर गेल्यावर वाचायला काही नाही. संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते मराठीही वाचते. ग्रंथालयातल्या एका संगणकावर ते बसवायला अर्धा तास लागतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात अशा वाचकांसाठी पुस्तके आहेत; त्यासाठी नोंदणी करून देण्याचे काम ग्रंथपाल करू शकतात, फक्त त्यांना ते कोणीतरी शिकवायला हवे. लेखाधिकार कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दिव्यांग वाचकासाठी पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत ना-नफा तत्त्वावर करून देणे हे लेखाधिकाराचे उल्लंघन ठरत नाही. ही गोष्ट ग्रंथपालांना माहीत नसते, त्यामुळे ते पुस्तक स्कॅन करून द्यायला घाबरतात. संचालनालयाने याचे एक पानी परिपत्रक काढले तर ही भीती जाईल.

आणि यात शासनाच्या स्वतःच्या घरातलेही एक काम आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली, हे मोठेच काम झाले. पण त्यांतली अनेक पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे आहेत. डोळस माणसाला ती वाचता येतात. बोलणाऱ्या संगणकाला ती कोऱ्या कागदासारखी वाटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमधली पुस्तके तर तो कचऱ्यासारखी वाचतो. याउलट मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये असल्यामुळे आमचा मित्र नोंदींमागून नोंदी ऐकत रात्र जागवतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठी अभिजात झाली. त्या आनंदात आम्हीही पेढे वाटले. आता अभिजात भाषेची पुस्तके ऐकूही यावीत, यासाठी आपण मंडळाशी बोलावे आणि शासनाच्या पैशाने निघणारे प्रत्येक नवे पुस्तक युनिकोडमध्येही उपलब्ध करावे, ही तिसरी मागणी.

बहिऱ्या वाचकांसाठी फार खर्च लागत नाही : सूचना तोंडी न देता लिहून लावाव्यात आणि कर्मचाऱ्याने वहीवर उत्तर लिहून द्यायची तयारी ठेवावी.

वेळेचा प्रश्न मात्र सगळ्यांचा आहे. आमचे ग्रंथालय सकाळी उघडते तेव्हा पहिल्या पाळीचा कामगार यंत्रावर उभा असतो आणि संध्याकाळी बंद होते तेव्हा दुसऱ्या पाळीचा. रविवारी सुट्टी. घरकाम करणाऱ्या बायकांना दुपारी दोन ते चार एवढाच वेळ सापडतो, तेव्हा दाराला कुलूप. उघडे असते तेव्हा वाचनकक्षातील सगळ्या खुर्च्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या असतात. त्या मुलांवर आमचा राग नाही. आमचीच मुले आहेत ती, आणि घरात त्यांना बसायला जागा नसते. पण आठवड्याला एक मासिक चाळायला येणारी आजी कोपऱ्यात उभी राहून परत जाते, तेव्हा अभ्यासिका आणि वाचनकक्ष वेगळे असावेत, निदान दोन खुर्च्या राखीव असाव्यात, असे आम्हाला वाटते. साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी इतर दिवशी ठेवावी, आठवड्यातून दोन दिवस वेळ बदलून दुपार आणि रात्र धरावी, परत करायच्या पुस्तकांसाठी दारात बंद पेटी लावावी.

सभासद होण्यासाठी काही ठिकाणी गावातला जामीनदार मागतात. ऊसतोडीच्या कामगाराने तो कुठून आणायचा? दिवाळीच्या सुमारास बीड, जालन्याहून निघालेली कुटुंबे उन्हाळा लागेपर्यंत फडात कोप्यांतून राहतात. कोयता चालवणारा माणूस रात्री पुस्तक उघडील का, असे आम्हाला विचारले गेले आहे. आम्ही दोन हंगाम 40 पुस्तकांची एक पेटी एका टोळीकडे ठेवून पाहिली. चार पुस्तके हरवली. उरलेली इतकी हाताळली गेली की सहांची बांधणी पुन्हा करावी लागली. हा कुठला अभ्यास नव्हे, आमचा अनुभव आहे. अनामत माफ असलेले हंगामी सभासदत्व, आणि हरवलेल्या पुस्तकांची ठरावीक टक्क्यांपर्यंतची वजावट नियमांत मान्य व्हावी, ही चौथी मागणी. वजावट मिळाली नाही तर कोणताही ग्रंथपाल पेटी बाहेर पाठवणार नाही. हरवलेल्या पुस्तकाचा हिशेब शेवटी त्याच्या बोकांडी बसतो.

या निवेदनावरील शेवटून तिसरी सही एकसष्टाव्या वर्षी लिहायला शिकलेल्या बाईंची आहे. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गाला त्या जात होत्या. परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळाले, आणि त्यानंतर वाचायला काय, तर काहीच नाही. ग्रंथालयात त्यांना बालविभागात पाठवले गेले. ससा-कासवाची गोष्ट त्यांनी नातवाला परत केली. मोठ्या टायपातली, सोप्या वाक्यांची, पण प्रौढांच्या आयुष्याची पुस्तके (शेतजमिनीचे कागद, बाळंतपण, प्रवास, प्रेमकथासुद्धा) असा एक कप्पा प्रत्येक तालुका ग्रंथालयात असावा. न वापरलेली साक्षरता दोन वर्षांत गंजते, हे त्यांच्याबरोबर शिकलेल्या इतर बायकांकडे पाहून आम्ही सांगतो.

या निवेदनाची प्रत दिव्यांग कल्याण विभागाला आणि आमच्या जिल्हा ग्रंथालय समितीला सादर करत आहोत. मागण्यांवर चर्चेसाठी आमच्यापैकी पाच जणांना आपण वेळ द्यावी, अशी विनंती आहे. त्या पाचांत शिंपीदादा असतील. म्हणून बैठक कृपया तळमजल्यावर ठेवावी.

आपले नम्र,
ग्रंथालयाचे वाचक
(सह्या सोबत जोडल्या आहेत)