जुना ध्वनिक्षेपक केव्हां बदलावा ?

येरवड्यांतील आमच्या शाळेच्या सभागृहांतील ध्वनिक्षेपक जुने झाले आहेत. ‘वाजतात तोंवर वाजूं द्या’ असें कांहींचें मत, तर ‘जुने झाले, टाकून द्या’ असें कांहींचें. आम्हांस दोन्ही मतें मान्य नाहींत.

१९२५ सालीं राइस व केलॉग यांनीं अमेरिकेंत मांडलेली रचनाच आजही चालते : चुंबकाच्या फटींत तारेचें वेटोळें हालतें व त्यास जोडलेला शंकू हवेस हालवितो. शंकूभोंवतींची स्पंजाची कडा काळानें व दमट हवेनें कुजते. तेवढीच कुजली असेल तर कडाच बदलावी. परंतु वेटोळें जळलें असेल, किंवा कडा नीट असूनही शंकू हलकेच दाबतां तें घासत असेल, तर काटकसर व्यर्थ होय.

ही झीज हळूहळू होते. म्हणून रोज ऐकणाऱ्या कानांस ती कळत नाहीं. व्यासपीठाजवळ बसणाऱ्यांनीं निर्णय देऊं नये. शेवटच्या बांकावरील मुलास वाचलेलें वाक्य जसेंच्या तसें लिहितां येतें काय, हीच खरी परीक्षा. ‘तुझें लक्ष नाहीं’ म्हणून आपण ज्यास रागें भरतों, त्याच्यापर्यंत पुष्कळदां शब्दच पोंचलेला नसतो. पालकांचा पैसा जपावा हें खरें. पण त्यांचीं मुलें त्याहून अधिक जपावीं.