नाव आपले, जमीन कुणाची?

सातबाऱ्यावर नाव आपले. सारा आपणच भरतो. पण त्या जमिनीत विहीर खणता येत नाही, आंब्याचे रोप लावता येत नाही आणि मुलगा कमावता झाला तर त्याच्यासाठी दोन खोल्या काढता येत नाहीत. अशी जमीन असते का हो, असे कुणी विचारले तर आपण हसू. पण अशी जमीन असते आणि ती कायद्याने असते. नैसर्गिक वायूची मोठी वाहिनी जिच्या पोटातून जाते, ती जमीन अशी होते.

केरळातल्या छोट्या घरवाल्यांनी या प्रश्नावर २०१७ साली मोठे आंदोलन केले. त्याची हकीकत आज वाचकांसमोर ठेवीत आहोत. केरळ आपल्यापासून लांब आहे हे खरे. पण ज्या कायद्याशी त्या लोकांची गाठ पडली तो कायदा केंद्राचा आहे. तो कोचीला जसा लागू आहे तसा कोल्हापूरलाही लागू आहे. म्हणून हा विषय आमच्या वाचकांच्या घरचाच आहे, असे आम्ही समजतो.

कोचीजवळ पुतुवैपिन येथे परदेशातून जहाजाने येणारा द्रवरूप वायू उतरवून घेण्याचे केंद्र २०१३ साली सुरू झाले. तिथून तो वायू कर्नाटकातल्या मंगळूरपर्यंत नेण्यासाठी गेल या सरकारी कंपनीने सुमारे ४५० किलोमीटर लांबीची वाहिनी आखली. एर्नाकुलम, त्रिशूर, पालक्काड, मलप्पुरम, कोझिकोड, कन्नूर, कासरगोड अशा जिल्ह्यांतून ती जाणार होती. नकाशावर ही एक साधी रेघ. पण केरळात गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे कळत नाही. घराला घर, परसाला परस लागलेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एका चौरस किलोमीटरला ३६५ माणसे होती, तर केरळात सुमारे ८६०. अशा मुलखात रेघ कुठूनही ओढली तरी ती कुणाच्या तरी अंगणातूनच जाणार.

आता तो कायदा काय म्हणतो ते पाहू. आम्ही कारकुनी करणारी माणसे, कागद वाचणे हेच आमचे काम. कायदा १९६२ चा आहे. पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांसाठी जमिनीचा वापरहक्क घेण्याचा हा कायदा. ‘वापरहक्क’ हा शब्द नीट ध्यानात ठेवावा. सरकार जमीन विकत घेत नाही. मालकी तुमचीच राहते. सरकार फक्त खालून वाहिनी टाकण्याचा हक्क घेते. मात्र कलम ९ प्रमाणे त्या पट्ट्यावर मालकाला पुढे कोणतेही बांधकाम करता येत नाही, विहीर किंवा तळे खणता येत नाही, झाड लावता येत नाही. पीक घेत असाल तर ते घेता येते. याचा मोबदला किती? कलम १० प्रमाणे जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. पिकाची, झाडांची नुकसानभरपाई वेगळी.

ज्याची दहा एकर शेती आहे त्याला हे सोसते. वाहिनीवर तो भात लावील, भुईमूग लावील. पण ज्याची सगळी इस्टेट म्हणजे घराचा तुकडा, त्याचे काय?

इथे केरळच्या जमीन सुधारणांची गोष्ट सांगितली पाहिजे. १ जानेवारी १९७० पासून तिथे जमीनदाराच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या भूमिहीनांना राहत्या जागेचा हक्क मिळाला. पंचायतीच्या हद्दीत दहा सेंटपर्यंत, नगरपालिकेत पाच, मोठ्या शहरात तीन. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. आपल्या हिशोबाने दहा सेंट म्हणजे चार गुंठे, पाच म्हणजे दोन गुंठे आणि तीन म्हणजे जेमतेम सव्वा गुंठा. कसणारी जमीन कुळांच्या नावावर झाली. दलित शेतमजुराच्या वाट्याला मात्र बहुतेक ठिकाणी घरापुरता हा तुकडाच आला. त्या सुधारणांवरची ही टीका जुनी आहे आणि ती खरी आहे.

आता वाहिनीचा पट्टा किती? तर २० मीटर रुंद, म्हणजे साडेपासष्ट फूट. आणि चार गुंठ्यांचा चौरस तुकडा किती? ६६ फूट बाय ६६ फूट. वाचकहो, हा हिशोब पुन्हा एकदा करून पाहा. पट्टा बरोबर मधून गेला तर चार गुंठेवाल्याजवळ उरते काय? नाव उरते. घर नसलेल्या मोकळ्या तुकड्यावर पुढे मुलीसाठी, मुलासाठी घर बांधू, अशी आशा धरून बसलेल्या कुटुंबाची आशाच त्यात जाते. अशी जमीन बँक तारण घेईना आणि गिऱ्हाईक विकत घेईना. मोबदला मात्र दहा टक्के.

याच कायद्यात कलम ७ आहे, आणि ते गरिबाच्या बाजूचे आहे. अधिसूचना निघण्याच्या आधीपासून जी जमीन राहण्यासाठी वापरात होती, जिच्यावर पक्के बांधकाम उभे होते किंवा जी घराला लागून घराच्याच उपयोगाची होती, तिच्या खालून वाहिनी टाकता येणार नाही, असे ते सांगते. शिवाय वाहिनी जमिनीखाली एक मीटरपेक्षा उथळ असता कामा नये. केरळातले लोक याच कलमावर बोट ठेवून विचारत होते की आमच्या वस्तीतून रेघ आलीच कशी? घर वाचवून अंगणातून गेलात, तर अंगण घराचे नाही काय?

याखेरीज जिवाचे भय होते, आणि ते उगीच नव्हते. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावी गेलच्याच वाहिनीचा स्फोट झाला. झोपेत असलेली, नुकतीच उठलेली वीसहून अधिक माणसे गेली. घरे, नारळाची झाडे, गुरे जळाली. कोरड्या वायूसाठी केलेल्या वाहिनीतून पाण्याचा अंश असलेला वायू सोडला जात होता, त्यामुळे नळ आतून गंजला, असे चौकशीत आढळले. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या, असे गावकऱ्यांनी सांगितले. आज ते गाव ज्या जिल्ह्यात आहे त्याला २०२२ पासून डॉ. बी. आर. आंबेडकर कोनसीमा जिल्हा असे नाव आहे.

काही भगिनी विचारतील, आमच्या चाळीत नळीने गॅस येतो, तोही असाच का? तसे नाही. घरात पोचेपर्यंत वायूचा दाब अगदी कमी केलेला असतो. मोठ्या वाहिनीत तो कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून मोठ्या वाहिनीसाठी नियमही वेगळे आहेत. वाहिनीच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरपर्यंत, दर १६०० मीटर लांबीत किती घरे आहेत ते मोजतात. घरे ४६ किंवा त्याहून अधिक असली तर तो दाट वस्तीचा वर्ग होतो, आणि तिथे नळ अधिक जाड पत्र्याचा वापरावा लागतो. म्हणजे वस्तीतून वाहिनी नेऊच नये, असे हा नियम सांगत नाही. वस्ती असेल तर खर्च जास्त करा, असे सांगतो. तेव्हा घरे कुणी मोजली आणि कधी मोजली, हे विचारणे लोकांचे काम आहे.

कोझिकोड जिल्ह्यात मुक्कमजवळ एरंजीमाव येथे लोकांनी काम अडवले. १ नोव्हेंबर २०१७ रोजी तिथे पोलिसांचा लाठीमार झाला, दगडफेक झाली, अटका झाल्या. दगड मारणे आम्हाला पसंत नाही. त्याने लोकांचे गाऱ्हाणे झाकले जाते आणि दगडच तेवढा वर्तमानपत्रात दिसतो. पण राज्यात डाव्या आघाडीचे सरकार असताना छोट्या घरवाल्यांवर ही पाळी आली, हेही विसरता येत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. वायू कोळशापेक्षा कमी धूर करतो, कारखान्यांना लागतो, घरोघरी नळीने पोचला तर बाईचा चुलीपुढचा त्रास वाचतो. हे सारे खरे आहे. चुलीच्या धुराने डोळे गेलेल्या आज्या आमच्या वस्तीतही आहेत. वायू नको, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की सगळ्यांच्या सोयीचे ओझे ज्याच्याजवळ चारच गुंठे आहेत त्यानेच का उचलावे?

लोक उठले तेव्हा सरकारला बोलावे लागले. नोव्हेंबर २०१७ मध्येच बैठक झाली. मोबदल्याचा दर दुप्पट करण्याचे ठरले. दहा सेंट किंवा त्याहून कमी जमीन असलेल्यांना पाच लाख रुपये जादा देण्याचे आणि त्यांच्या तुकड्यात पट्टा दोन मीटरपर्यंत आखडून घराची जागा राखून देण्याचे जाहीर झाले. जो पट्टा आधी कमी होत नव्हता, तो लोक एकत्र आल्यावर वीस मीटरचा दोन मीटर झाला! मार्ग मात्र बदलला नाही. काम पुढे गेले आणि ५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वाहिनीचे उद्घाटन झाले. म्हणून या लढ्याला आम्ही विजय म्हणत नाही आणि पराभवही म्हणत नाही.

मार्ग बदलता येत नाही, हे उत्तर नेहमी मिळते. तमिळनाडूत २०१३ साली तिथल्या राज्य सरकारनेच गेलला शेतातून न जाता महामार्गाच्या कडेने जा, असे सांगितले. कंपनी न्यायालयात गेली आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकार हरले. पण आपल्याकडे मुंबई–नागपूर वायुवाहिनीचा बराच मोठा भाग समृद्धी महामार्गाच्या कडेनेच टाकला गेला. म्हणजे रस्त्याच्या कडेने जाता येतच नाही असे नाही. आधी ठरवले तर जाता येते.

यातला ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने हरकत घेण्यासाठी फक्त २१ दिवस दिले आहेत. ते कोणत्या तारखेपासून मोजायचे हे अधिसूचनेत लिहिलेले असते. हरकत लेखी द्यावी लागते, आणि दिली की सक्षम प्राधिकाऱ्याने तुमचे म्हणणे समक्ष किंवा वकिलामार्फत ऐकलेच पाहिजे. ज्याने हरकत दिलीच नाही त्याचे ऐकायला कुणी बांधलेले नाही. जेसीबी दारात आल्यावर ओरडून उपयोग थोडा.

तेव्हा गावाकडे भावाला, काकाला एक पत्र टाका. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिले, घराचा तारीख असलेला फोटो हे सारे एका पिशवीत जपून ठेवायला सांगा. कारण कलम ७ चा आधार घ्यायचा तर घर अधिसूचनेच्या आधीचे आहे, हे दाखवावे लागते. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलेला कागद शिकलेल्या पोराने दर आठवड्याला वाचावा. हरकत एकेकट्याने देऊ नये, साऱ्या वस्तीने मिळून द्यावी, पण प्रत्येकाच्या अर्जावर त्याचा स्वतःचा गट नंबर असावा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नये.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. नोकरी मिळणे हा त्या शिकण्याचा एक भाग झाला. आपल्या जमिनीवर आलेला कागद मुदतीच्या आत वाचता येणे, हाही त्यातलाच दुसरा भाग आहे.