यात्रेच्या गाडीतील दिवे

कुंथलगिरी, मांगीतुंगी, श्रवणबेळगोळ अशा क्षेत्रांची यात्रा काही कुटुंबे मुक्कामाची सोय असलेल्या कॅरव्हॅनमधून करतात. गाडी उभी असताना आतील दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि जुने हॅलोजन दिवे ती झपाट्याने उतरवितात.

हिशेब साधा आहे. १० वॅटचे सहा हॅलोजन म्हणजे ६० वॅट, अर्थात ५ अँपिअर. रोज चार तासांत २० अँपिअर-तास खर्ची पडतात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये; म्हणजे अडीच रात्रींत भांडवल संपले. २ वॅटचे सहा एलईडी तेवढ्याच वेळात ४ अँपिअर-तास घेतात. तीच बॅटरी बारा रात्री पुरते.

खरेदीस जाताना जुना दिवा सोबत न्यावा, म्हणजे पिना जुळतात. चार्जिंगच्या वेळी व्होल्टेज १४ च्या वर जाते. म्हणून १० ते ३० व्होल्ट सोसणारा दिवा घ्यावा. घरातील २३० व्होल्टचा दिवा येथे चालत नाही.

रंगाची निवड हा मात्र जयणेचा विषय. निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात, २७०० केल्विनच्या पिवळसर प्रकाशाकडे कमी. तापलेल्या हॅलोजनवर त्यांचे होरपळणेही टळते.

तथापि वीज वाचते म्हणून दिवा रात्रभर जळत ठेवणे हा संयम नव्हे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबाला रात्री स्वाध्यायापुरता प्रकाश पुरेसा असतो.