सासरी येऊन गेलेली बंदूक

दिवाळी अंकांत माहेरवाशिणींच्या गोष्टी पुष्कळ येतात. मी आज एका सासुरवाशिणीची सांगणार आहे. ही सासुरवाशीण म्हणजे एक रायफल. माहेर लंडनचे, घराणे रिग्बीचे, आतली यंत्रणा जर्मन माउझरची, नळी .२७५ ची आणि अंगलट सडपातळ. सासर मात्र आपल्याकडचे, कुमाऊँच्या डोंगरातले. जिम कॉर्बेट यांची ही रायफल २०१६ साली तिकडे येऊन गेली.

१९०७ साली कॉर्बेटनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी खूश होऊन ही रायफल त्यांना भेट दिली. तशी चांदीची पाटीच तिच्या दस्त्यावर आहे. गंमत अशी, की त्या वाघिणीला शेवटची गोळी लागली ती तहसीलदाराकडून ऐनवेळी मागून घेतलेल्या बंदुकीची! शौर्य एकीचे आणि पाटी दुसरीला, हा न्याय आमच्या कॉलेजातही चालतो.

पण या सडपातळ सुनेने पुढे नाव काढले. १९३० च्या एप्रिलात चौगढच्या वाघिणीमागे कॉर्बेट ओढ्याच्या कोरड्या पात्रातून उतरत होते. वाटेत त्यांना रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद; ती त्यांनी डाव्या हातात घेतली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून मागे पाहतात, तो आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली. रायफल उजव्या हातात, छातीशी आडवी, आणि तोंड भलतीकडे. डावा हात अंड्यांनी अडकलेला. त्यांनी एकाच हाताने नळी तसूतसूने फिरवत आणली आणि हात पुरता लांबवून चाप ओढला. रायफल हलकी नसती तर हे साधले नसते, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अंडी त्यांनी नंतर जागच्या जागी नेऊन ठेवली. आमच्या घरी ही हकीगत मी मोठ्याने वाचली, तेव्हा सौभाग्यवतींनी वाघिणीची नव्हे, अंड्यांचीच चौकशी केली!

मराठीच्या मास्तराला या बंदुकीचे काय, असे कोणी विचारील. सांगतो. कॉर्बेटचे ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ साली प्रथम प्रसिद्ध झाले ते आपल्या मुंबईत, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. आणि पुढे ही रायफल गेली ती त्याच प्रकाशकांकडे. लेखकाने प्रकाशकाला बंदूक द्यावी! आम्ही बिचारे मानधनाची आठवण देणारी कार्डे धाडतो.

पुढे रिग्बी कंपनीनेच ती परत मिळवली. लेक माहेरी आली म्हणायची. २०१७ साली कंपनीने त्याच वळणाची नवी रायफलही बाजारात आणली. तिची खुशाल विक्री होवो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर वाघावर बंदूक रोखायची सोय उरली नाही, आणि ते उत्तमच झाले. पण जुन्या रायफलीबद्दल माझी तक्रार आहे. कालाढुंगीला कॉर्बेटच्या घरात त्यांचे संग्रहालय आहे. छोटी हलद्वानी हे त्यांनी वसवलेले गाव तिथेच. ज्यांच्या आज्या-पणज्या वाघाच्या भीतीने दारे लावून बसत, ती माणसे त्या मुलखात राहतात. चंपावतचे नाव कोरलेली ही बंदूक त्यांच्या घरची. ती पाहुणी म्हणून आली आणि पाहुणचार घेऊन लंडनला परत गेली. कोणी तिला राहा म्हणाले नाही का?