दोन गाड्या आणि एक मेंढरू

१ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी पुण्याहून नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आली. तेव्हापासून या रस्त्यावर एक प्रवासी हमखास भेटतो. ड्रायव्हरच्या पाठीशी बसून "अहो, जरा दामटा की!" असे टुमणे लावणे हा त्याचा धर्म. परवा सुप्याजवळ मला तो भेटला. समोर मेंढरांचा कळप होता आणि ड्रायव्हरने आधीच वेग उतरवला होता.

या गृहस्थांसाठी थोडे गणित. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे म्हणजे गतिज ऊर्जा. ती जितकी घटवायची तितके कार्य ब्रेकने करायचे. भरलेली गाडी १० हजार किलोची धरा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेग असता ऊर्जा ५ लाख ज्यूल. ७२ असता २० लाख! ब्रेकचा जोर ५० हजार न्यूटन असेल, तर पहिली गाडी १० मीटरांत उभी राहते, दुसरीला ४० लागतात. (ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतचे अंतर मी धरलेलेच नाही.)

खरी मेख पुढेच आहे. दोघींना एकाच जागी ब्रेक लागला असे समजा. पहिली जिथे थांबते, तिथवर दुसरीचेही ५ लाखच खर्ची पडलेले असतात. उरतात १५ लाख, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर! आणि मेंढरू नेमके तिथेच असले तर?

हे सारे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "ते झालं हो, पण नगरला पोचणार केव्हा?"