आपल्या लेकरांचं ताट

निफाड तालुक्यात माझी तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. काढणीच्या वेळी बायका मणी ठरावीक मापाच्या रिंगमधून तपासतात. मणी रिंगमधून निसटला, की तो घड निर्यातीतून बाद. ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक फवारणी वहीत तारखेनिशी लिहावी लागते. काढणीआधी प्रयोगशाळेची माणसं बागेतून नमुना घेऊन जातात.

ही शिस्त आम्ही आपणहून लावून घेतली नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रक औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली. कितीतरी बागायतदार कर्जात बुडाले. तो मार आम्ही विसरलेलो नाही. पण त्यानंतरच आम्ही औषधांवर खरं लक्ष ठेवायला लागलो, हेही तितकंच खरं. जागतिक बाजाराने पैसा दिला, त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काटेकोरपणा शिकवला.

तोटेही सोसतो. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, की आमचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जातो आणि वाढलेलं भाडं आमच्याच दरातून कापलं जातं. कांद्याचं तर विचारूच नका. डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली आणि लासलगावात भाव कोसळले.

मला सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. परदेशी जाणारा घड तपासून जातो. नाशिकच्या हातगाडीवरचा घड मात्र तपासणीविनाच विकला जातो. आपल्या लेकरांच्या ताटातल्या द्राक्षांनाही तीच चाचणी लावा, एवढीच सरकारकडे मागणी आहे.