खाडीतील कालव-शिणाणे संवर्धनालगतचा वाळू उपसा थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी महोदय यांस,

आम्ही खाडीकाठच्या महिला बचत गटांच्या सदस्या. कालवे-शिणाणे वाढवण्याच्या आमच्या बांबूच्या मांडवांलगत सक्शन पंपाने होणारा वाळू उपसा थांबवावा, ही मागणी आम्ही याआधीच्या प्रत्येक अर्जात केली आहे. पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. लेखी उत्तर एकाही अर्जाला आलेले नाही.

उपसा रात्री चालतो. पंप तळाची वाळू ओढतो आणि बारीक गाळ पाण्यात परत सोडतो. भरतीबरोबर तो थेट मांडवांना टांगलेल्या आमच्या दोऱ्यांवर येतो. कालवे आणि शिणाणे पाणी आत ओढून त्यातले सूक्ष्म शेवाळ खातात. गाळ वाढला की ती शिंपले मिटून घेतात, खाणे थांबते, वाढ खुंटते; गाळ हटलाच नाही तर कल्ले चोंदून मरतात. गेल्या हंगामात दोऱ्या वर ओढल्या, तेव्हा खालच्या भागात चिखलाने भरलेले उघडे शिंपले लागले. काढणीला आलेला माल होता तो. नोव्हेंबरच्या सुमारास बीज सुती कापडात गुंडाळून दोरीला बांधायचे आणि पावसाआधी माल काढायचा, कारण खाडीत गोडे पाणी उतरले की शिणाणे तगत नाहीत. हंगाम एकच. तो बुडाला की वर्ष बुडाले. बांबू-दोऱ्यांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.

पाहणीला आलेल्या साहेबांनी धक्क्यावर सर्वांसमक्ष सांगितले होते, की दिवाळीच्या आत मांडवांची हद्द आखून बोये टाकू. दिवाळी होऊन गेली, बोये आले नाहीत. त्यानंतर रात्रीच्या गस्तीचा शब्द मिळाला. पथक आले, पण भर दुपारी. तेव्हा खाडीत पंप कसा सापडणार?

हे केवळ आमच्या पोटाचे गाऱ्हाणे नाही, खाडीचेही आहे. या शेतीला खाद्य लागत नाही, खत लागत नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरातले एक पूर्ण वाढलेले कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे 190 लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. ती जात वेगळी, पण आमची कालवेही तेच काम करतात. काढलेल्या मालाबरोबर पाण्यातले जादा नत्र खाडीबाहेर जाते. मांडवांखाली मासळीची पिल्ले आसरा धरतात. शासनाच्याच प्रशिक्षणात आम्हाला हे शिकवले गेले. केरळात कासरगोडच्या पडन्ना येथे महिलांच्या गटांनी उभी केलेली शिणाण्यांची शेतीही त्याच प्रशिक्षणात दाखवली गेली. ज्या शासनाने ही शेती शिकवली, त्यानेच ती डोळ्यांसमोर गाडली जाऊ द्यावी, याचे आम्हाला फार दुःख आहे.

म्हणून मांडवांच्या परिसरातील उपसा यंदाचे बीज बांधण्यापूर्वी बंद व्हावा, कबूल केलेली हद्द बोये टाकून आखावी आणि गस्त रात्रीच व्हावी, विशेषतः भरतीच्या वेळी. पकडलेला पंप दंड भरून पुन्हा त्याच पाण्यात उतरणार असेल, तर त्या कारवाईचा आम्हाला काहीच उपयोग नाही.

याशिवाय बीज वेळेवर मिळावे. खाडीच्या पाण्याची नियमित तपासणी करून अहवाल गटांना द्यावा. माल विक्रीआधी स्वच्छ पाण्यात ठेवण्यासाठी टाकीची सोय व्हावी.

तोंडी आश्वासने पुष्कळ झाली. या वेळी कामाच्या तारखेसह लेखी उत्तर द्यावे, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
खाडीकाठच्या महिला बचत गटांच्या सर्व सदस्या

सोबत: पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या, मेलेल्या मालाची छायाचित्रे